गायींच्या फाईलवरची गाठ

जोयड्यात आमचं ऑफिस म्हणजे एक खोली, तीन खुर्च्या आणि एक जुना लॅपटॉप. रानात चुकलेली गाय सापडली, की तिच्या नाकाचा फोटो घ्यायचा आणि ती कुणाची ते सांगायचं, हे आमचं काम. माणसाच्या अंगठ्यावर रेषा असतात, तशा गाईच्या नाकावर. पण या कामात किस्से एवढे साठलेत, की ते ठेवायला लॅपटॉपात जागा न्हाई. चहाला बसलं की एक तरी निघतोच.

कोड सावित्रीचा. नंदिगद्द्याची पोरगी, पारूआक्काची एकुलती एक. गायींचे जाणकार गोपाळमामा. फोटो काढायचं खातं माझं.

*

पहिल्याच दिवशी गाईनं माझा मोबाईल चाटला. फोटोत नुसतं धुकं. मामा गंभीरपणे म्हणाले, "तिनं तुला ओळखलं. आता तू तिला ओळख."

*

सावित्रीचा प्रोग्राम एकेका फोटोपासून आकड्यांची लांब रांग काढतो. ती एकदा काढून ठेवली, की परत काढावी लागत न्हाई. न्हाईतर आमच्या लॅपटॉपचा अख्खा दिवस त्यातच जातो.

आधी ती हे आकडे साध्या मजकुरासारखे लिहून ठेवायची. फाईल अशी फुगली, की उघडायला लावून आम्ही चौकात चहा पिऊन आलो, तरी उघडतच होती.

मामा म्हणाले, "एवढ्यात गाय आपल्या पायानं घरी पोचती की."

सगळे हसलो, पण सावित्री हसली न्हाई. बेंगळूरच्या मोठ्या ऑफिसातल्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं: जुन्या लॅपटॉपवर, नेटशिवाय, झटक्यात चाललं तर काम इथं राहील. न्हाईतर सगळं बेंगळूरला, आणि सावित्रीपण. घरी आई एकटी. पोरगी खरंच घाबरली होती.

*

मग तिनं मजकूर सोडला आणि आकड्यांचे बाइट्स, म्हणजे मशीन आकडे आत जसे ठेवतं तसेच, फाईलीत ओतले. शिवाय प्रत्येक आकडा निम्म्या जागेत बसवला. फाईल सुकून बारीक झाली, उघडली पण पटकन.

फक्त निम्म्या गायी गायब!

मामांनी यादी दोनदा बघितली. "एवढी भूक वाघालाबी नसती," म्हणाले.

घोटाळा साधा होता. लिहिताना माप निम्मं केलं, वाचताना प्रोग्राम जुनंच पूर्ण माप धरून बसला. दोन-दोन आकडे चिकटून एक होत होते, म्हणून गायीपण निम्म्याच. ते मागनं कळलं. त्या दिवशी सावित्री न जेवताच घरी गेली.

*

घरी पारूआक्का बियाण्याच्या मुड्या बांधत होती. मुडी म्हणजे पेंढ्यात घट्ट बांधलेलं भात. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात.

सावित्रीनं विचारलं, "आई, न सोडता आत काय हाय ते कसं कळतं गं?"

"वरची गाठ बघायची. कुठलं बी, किती मापं, सगळं गाठीवरनं कळतं. गाठ न्हाई तर पेरताना काय कपाळ बघायचं?"

दुसऱ्या दिवशी सावित्रीनं फाईलीच्या तोंडाशीच लिहून टाकलं: आकडा केवढ्या मापाचा, गायी किती, एका गाईला आकडे किती. प्रोग्राम आधी ते वाचणार, मग आत शिरणार. सगळ्या गायी परत आल्या. मामांनी नावानिशी मोजून घेतल्या.

*

साहेब तपासायला जवळच्या अणशी गावात आले. गाव जमलं होतं, पारूआक्कापण मागं उभी. साहेबांनी स्वतः नेट बंद केलं आणि रानातनं आलेली एक तांबडी गाय पुढं आणली. मी आधी मोबाईल पुसला, मग फोटो काढला.

लॅपटॉप क्षणभर घुमला आणि मालकिणीचं नाव आलं. गाईची मालकीण गर्दीतनं ओरडली, "माझीच हाय ती!" मामा, ज्यांनी मशीनला आजवर चांगलं म्हटलं न्हाई, हळूच म्हणाले, "बरोबर हाय."

साहेबांना पटेना. "एवढ्या लवकर? हे तुम्ही आधीच काढून ठेवलं होतं."

"व्हय सर," सावित्री म्हणाली, "सगळ्या गायींचं. तेच तर काम हाय."

साहेबांनी फाईल उघडून बघितली, परत दोन गायी आणवल्या, आणि म्हणाले, काम इथंच राहू दे. सावित्रीनं तोंड फिरवून डोळे पुसले. खोटं कशाला बोलू, माझेपण भरले.

जाता जाता साहेबांनी पारूआक्काला विचारलं, "पोरीनं काय केलंय, कळलं का आक्का?"

पारूआक्का पदराला हात पुसत म्हणाली, "आतलं मला काय कळतंय साहेब? वरची गाठ तेवढी माझी हाय."