न ठेवायचा आवाज

कान तपासणाऱ्या ताईचं अर्धं आयुष्य एका बंद खोलीच्या काचेबाहेर गेलं. आत पेशंट, बाहेर ती. ती बारीक बारीक सूर सोडायची आणि ऐकू आला की पेशंटने बोट वर करायचं. दवाखान्यातली ती खोली इतकी शांत, की बसणाऱ्याला स्वतःच्या पोटातली गुडगुडही ऐकू यायची. असली बाई गोंगाटाच्या नादी लागेल, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

नादी लावलं एका वायरमनने. कान तपासायला आला आणि जाताना म्हणाला, "ताई, रविवारी दुपारी या. कानांना जरा वेगळं काम देऊ."

एका बंद छापखान्याचं तळघर. दहा-बारा माणसं. जुन्या रेडिओंचे सुटे भाग जोडून वायरमनने डबे केले होते. खटका फिरवला की ते किंचाळायचे, घरघरायचे. ना ताल, ना सूर. ताईने आधी सवयीने सगळ्यांना कापसाचे बोळे वाटले. मग आवाज छातीत शिरला, दाढांत शिरला आणि डोक्यातली बडबड, बाबांच्या औषधांच्या वेळा, भावाशी झालेली धुसफुस, सगळं पुसलं गेलं. बाहेर आली तेव्हा तिला पिसासारखं हलकं वाटत होतं.

"याला संगीत म्हणायचं?" तिने वायरमनला विचारलं.

"काहीही म्हणा. इथे कुणी वाहवा करत नाही की नावं ठेवत नाही."

तिथला नियम एकच: काहीही रेकॉर्ड करायचं नाही. वाजलं ते संपलं. दोन वर्षं तिचा एकही रविवार चुकला नाही.

बाबा शेवटचे चार महिने घरी ऑक्सिजनच्या यंत्रावर होते. यंत्र दिवसभर धापा टाकायचं. बाबा जाण्याच्या तीन दिवस आधी, त्यांचा डोळा लागलेला असताना, तिने तो आवाज फोनमध्ये घेतला. मध्येच बाबा जागे झाले, म्हणाले, "बंद कर गं ते." यंत्र की फोन, हे तिला कधीच कळलं नाही.

बाबा गेल्यावर घरातली शांतता तिला खायला उठायची. तिने तो आवाज वायरमनला दिला. "दादा, एकदाच वाजवा. मग पुसून टाका." त्याने डब्यांतून वाजवला. ती जमिनीवर बसून पोटभर रडली. कुणी काही विचारलं नाही. नंतर त्याने तिच्यासमोर तो आवाज आपल्या फोनमधून पुसला.

आठ महिन्यांनी दवाखान्यातली नर्स म्हणाली, "तुझ्या आवडीचं काहीतरी भेसूर इथल्या कलादालनातल्या प्रदर्शनात लागलंय बघ."

जेवणाच्या सुट्टीत ताई गेली. पांढरीशुभ्र खोली, हाताची घडी घालून उभे असलेले लोक आणि बाबांच्या यंत्राचा आवाज. त्यात बाबांचं वाक्य कापून पुन्हा पुन्हा लावलेलं. दोन कॉलेजच्या मुली खुसुखुसू हसत होत्या. भिंतीवरच्या पाटीवर 'अनामिक श्वास' आणि खाली एकट्या वायरमनचं नाव.

तो दारातच भेटला, इस्त्रीच्या शर्टात.

"माझ्यासमोर पुसलं होतंत ना?"

"फोनमधलं पुसलं, ताई."

"म्हणजे दुसरीकडे ठेवलं होतंत."

"असा आवाज पुन्हा मिळतो का? माणसं रडतात तिथे."

"हसतात," ती म्हणाली.

ती तडक भावाकडे गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न तिलाच केला, "तू बाबांना रेकॉर्ड केलंस? झोपेत? आणि ऐकवलंस परक्यांना, मला नाही?"

तक्रार घेऊन गेलेली ती आरोपी होऊन उभी राहिली.

तरी दुसऱ्या दिवशी भाऊ तिच्याबरोबर आला. त्या खोलीत पूर्ण वेळ उभा राहिला. मग प्रदर्शनाच्या व्यवस्थापक बाईंना गाठून म्हणाला, "हे अनामिक नाहीत. हे आमचे वडील आहेत." बाई वरमल्या. संध्याकाळपर्यंत ती खोली बंद झाली. पुढे महिनाभर मात्र भावाने तिला फोन केला नाही.

तळघरातल्या अर्ध्या लोकांनी वायरमनची बाजू घेतली. उरलेले म्हणाले, झालं गेलं सोडून दे. तिने जाणं सोडलं.

एका रविवारी भाऊ आपणहून घरी आला. चहा पिताना त्याने विचारलं, "तिथे नेमकं काय मिळायचं गं तुला?"

तिने कप खाली ठेवला. "तिथे मोकळं वाटायचं, माझं काहीच कुणी साठवून ठेवत नाहीये म्हणून."

भावाने मान हलवली. कळलं म्हणून की नाही कळलं म्हणून, तिने विचारलं नाही.