प्लॅस्टिकच्या आजींना विचारलेला प्रश्न

मंडळी, आमच्या नर्सिंग कॉलेजच्या लॅबमध्ये पलंगावर प्लॅस्टिकच्या एक आजी असतात. मुली त्यांच्यावर हात बसवतात. आजींचा आवाज म्हणजे काचेमागे माइक घेऊन बसलेली मी. "दुखतंय गं", "पाणी दे", अशी माझी वाक्यं ठरलेली.

आज वाघोलीच्या सायलीचा नंबर होता. आजींना इन्सुलिन द्यायचं होतं. तिनं हात धुतले, डोस तपासला आणि म्हणाली, "जरा टोचंल हं." बाकीच्या मुली हसल्या. प्लॅस्टिकला काय टोचणार?

इंजेक्शन देऊन झालं तरी ती हलेना. "आजी, उद्यापास्नं हे घरी घ्यायचं हाय. द्यायला कोण हाय घरी?"

हे ठरलेल्यात नव्हतं. "सून आहे" म्हटलं असतं तरी चाललं असतं. माझ्या तोंडून निघालं, "कोणी नाही गं. मुलगी लांब असते. मी एकटीच."

कोथरूडच्या माझ्या घरात खरंच मी एकटी असते. कॉलेजात हे कुणाला सांगितलेलं नाही.

सायलीनं आजींचा हात हातात घेतला. "मग मी शिकवते तुम्हाला. घाई नाय."

मी माइक बंद करून चष्मा पुसला.

तास संपला, तरी ती दारात रेंगाळली. मला वाटलं, मार्क विचारणार.

"मॅडम, दुपारी तुम्ही कोणाबरोबर जेवता?"

उद्या आमचा डबा एकत्र आहे.

आमच्या मार्कांच्या तक्त्यात "घरी कोण आहे" या प्रश्नाला जागा नाही. तुम्ही तो कुणाला शेवटचा कधी विचारलात?