छावणीतलं गणित

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कॅप्टन असताना माझं पोस्टिंग उत्तरेतल्या डोंगरात, एका फील्ड हॉस्पिटलमध्ये होतं. काम रोजचंच. वजनावरून औषधाचा डोस काढायचा, सलाइनचे मिनिटाला किती थेंब ते ठरवायचं, सिलिंडरमधला ऑक्सिजन किती वेळ पुरेल ते पाहायचं. नर्सिंग म्हणजे सेवा, असं लोक समजतात. त्यातला निम्मा भाग गुणाकार-भागाकाराचा आहे.

ते गणित मला लोहाऱ्याच्या शाळेतल्या बाईंनी दिलं. छावणीत इतके सैनिक, त्यांना इतके दिवस पुरेल एवढं धान्य. मध्येच काही सैनिक निघून गेले, तर उरलेल्यांना ते किती दिवस पुरेल? बाई हे गणित दरवर्षी घालायच्या. मी एकदा विचारलं, "बाई, आपल्याला काय करायचंय त्या सैनिकांच्या धान्याचं?"

"आधी सोडव," बाई म्हणाल्या. "मग सैन्यात जा, न्हायतर सासरी."

मी दोन्हीकडे गेले. गणित दोन्हीकडे लागलं.

माझ्या हाताखाली नायक मारुती हे नर्सिंग असिस्टंट होते. परंड्याकडचे. युनिटमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

एका सकाळी वरच्या पोस्टवरून दोन जवान आणले. उंचीमुळे दोघांच्या फुप्फुसांत पाणी झालं होतं. अशा वेळी ऑक्सिजन लावायचा आणि पेशंटला लवकरात लवकर खाली न्यायचं. ढगांमुळे हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं. दोघांना ॲम्ब्युलन्समध्ये घेऊन आम्ही निघालो. अर्ध्या वाटेवर दरड कोसळलेली होती. परत फिरायचं तर पुन्हा वर चढावं लागणार, आणि ते दोघांनाही सोसलं नसतं.

रेडिओवर उत्तर आलं. "डोझरला अडीच तास. दुसरी ॲम्ब्युलन्स खालून निघाली आहे, दरडीपलीकडे थांबेल. ओव्हर."

"रॉजर."

पहिला सिलिंडर संपला होता. दुसऱ्याचं गेज पाहिलं.

"किती हाय, मॅडम?" मारुतींनी विचारलं.

"दोघांना मिळून दीड तास."

"मग छावणीतला एक सैनिक कमी करू."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमच्या शाळेत न्हवतं का ते गणित? आमच्या परंड्यात ती छावणी सोडवून सोडवून पोरं म्हातारी झाली. एक दरडीपलीकडं गेला की दुसऱ्याला तीन तास."

हिशेब बरोबर होता. धाकटा जवान बोलत होता. काही मिनिटं ऑक्सिजनशिवाय निभावली असती. मोठ्याला हलवणं शक्य नव्हतं.

"वरून दगड येतायत अजून," मी म्हणाले.

"थांबून थांबून येतायत. मधल्या वेळात निघतो."

मी ऑर्डर दिली. पलीकडे ॲम्ब्युलन्स येऊन थांबल्यावर मारुतींनी धाकट्याला पाठीशी बांधलं आणि दरड ओलांडली. थोड्या वेळानं रेडिओवर त्यांचाच आवाज आला. "पेशंट पोचला. ऑक्सिजन चालू. हितं एक जादा सिलिंडर हाय, घेऊन येतो. ओव्हर."

"नको. आता डोझर येईपर्यंत पुरेल. तिथंच थांबा. ओव्हर."

"डोझर वेळेवर आला तर पुरंल, मॅडम. ओव्हर."

खांद्यावर सिलिंडर घेऊन ते निघाले. आमच्या बाजूला पोचायला चार-सहा पावलं उरली असताना दगड आला. ड्रायव्हरनं आणि मी त्यांना ओढून घेतलं. मी नाडी पाहिली. नव्हती. सिलिंडर शाबूत होता.

डोझर उशिरा आला. आमचा सिलिंडर त्याआधीच संपला होता. मारुतींनी आणलेला लावला. मोठा जवान तेवढ्यावर खाली पोचला. दोघंही आज आपापल्या घरी आहेत, पोराबाळांत.

निवृत्तीनंतर मी लोहाऱ्यात राहते. संध्याकाळी मुलींना गणित शिकवते. बाई आता थकल्या आहेत, पण माझ्या ओसरीवर खुर्ची टाकून बसतात आणि माझ्या चुका काढतात. त्यांचे उपकार मी बोलून दाखवत नाही. त्यांना आवडणार नाही.

परवा छावणीचं गणित फळ्यावर लिहिलं. मध्येच एक सैनिक निघून गेला, इथपर्यंत आले आणि मागून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ह्यो सैनिक गेला कुठं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मी खडू ठेवला आणि सांगितलं. नाव नायक मारुती, राहणार परंडा. उरलेल्याला पुरावं म्हणून गेला.

मग आम्ही ते गणित सोडवलं.