भाड्याच्या घरातलं जेवण

माझ्या सासूबाई हिराबाई यांचं दसऱ्यानंतरच्या मंगळवारी दुपारी विचुंब्यातल्या राहत्या घरी निधन झालं. कारण हृदयविकार. शेजारणीचा फोन रेखाला, म्हणजे माझ्या पत्नीला, आला. आम्ही नवीन पनवेलहून रिक्षानं पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते.

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली. मूल नाही. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही, हा जुना रिवाज सासूबाई पाळत. दर आठवड्याला यायच्या, पिशवीतली पाण्याची बाटली काढायच्या आणि जेवणवेळेच्या आत उठायच्या. रेखानं आग्रह केला की एकच उत्तर : “व्हईल तवा जेवीन.”

यंदा जूनमध्ये आम्ही त्यांना घेऊन डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे असा गाडीनं प्रवास केला. बाहेरच्या खाण्याला त्यांची हरकत नव्हती. उलट सगळं चाखायची उत्सुकता आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त. कोपनहेगनला काळ्या पावावर व्हिनेगरमध्ये मुरवलेला हेरिंग मासा आला. “लोनचं बरं हाय, फोडनी द्याची राह्यली,” असा त्यांचा निकाल. स्वीडनच्या किनाऱ्यावर उकडलेली कोळंबी त्यांनी आम्हा दोघांचीही सोलून दिली. हॉटेलात वाढायला आलेली मुलगी हातात ट्रे घेऊन बघत उभी राहिली. नॉर्वेत तपकिरी रंगाचं गोडसर चीज जिभेवर ठेवलं आणि म्हणाल्या, “गो रेखा, ही त बासुंदीची खरवड!” पुढे त्या चीजची वडी सतत त्यांच्या पिशवीत असे. फिओर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या, कड्यांवरून कोसळणारे धबधबे बघताना मात्र त्या नाराज दिसल्या. “एवरं पानी, न एक पन भातखाचर नाय?”

त्याच भागात एका रविवारी आम्ही लाकडी केबिन भाड्यानं घेतली. बाहेर पाऊस, दुकानं बंद, जवळपास हॉटेल नाही. आदल्या दिवशी घेतलेला सॅमन मासा आणि पनवेलहून नेलेला तांदूळ होता. रेखानं कालवण-भात केला, दोन ताटं घेतली. आईला विचारलं नाही. सासूबाई खिडकीशी बिस्किटांचा पुडा घेऊन बसल्या होत्या. थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं, “जावई, ह्या घराची चावी कोनाची?”

“मालकाची. उद्या परत द्यायची.”

“मंग ह्ये तुमचं घर नाय.”

“नाही.”

त्या उठल्या आणि स्वतःच तिसरं ताट घेतलं. रेखा म्हणाली, “आई, पनवेलचा फ्लॅटही भाड्याचाच आहे की!”

“तिथं दारावं जावयाचं नाव हाय. वार गपचूप,” म्हणत त्यांनी ताट पुढं केलं.

लग्नानंतर त्यांनी लेकीच्या हातचं खाल्लेलं हे पहिलं जेवण. भात दोनदा मागून घेतला. नंतर पातेलं खरवडताना म्हणाल्या, “कालवन माझ्यासारखंच करतंस... शिकवलं कोनी?” रेखाला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सासूबाई मागच्या सीटवर झोपल्या होत्या. मी रेखाला म्हटलं, आता घरीही जेवतील. “तिनं जेवावं असं वाटतं,” ती म्हणाली. “पण ती जेवत नाही म्हणजे अजून वाट बघते आहे... जेवली की संपलं.”

पनवेलला परतल्यावर बाटली पुन्हा सुरू झाली. रेखानं आग्रह करणं सोडलं होतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी, म्हणजे जाण्याच्या दोनच दिवस आधी, सासूबाई नेहमीप्रमाणे आल्या. रेखा ओट्याशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. जेवणाची वेळ झाली तरी त्या उठल्या नाहीत. “काय केलंस?” त्यांनी विचारलं.

“बोंबलाचं कालवण.”

“मना पन वार.”

रेखाचा हात पिठात थांबला. “आई...”

“कवरी वाट बघाची गो? भूक लागली हाय.”

त्या स्वयंपाकघरात जमिनीवरच बसल्या. एक भाकरी संपवली, दुसरी अर्धी ठेवली. मी त्यांना स्टँडवर सोडून परत आलो तेव्हा ताट तिथंच होतं. रेखा त्याच्यासमोर बसून ती अर्धी भाकरी खात होती.