सत्त्याऐंशी बटणांचं वंगण

माझा जावई कामाला बसला की आमची मांजर उठून परसात जाते. तिला अक्कल आहे. जावयाला साधा कीबोर्ड चालत नाही, मेकॅनिकल लागतो. म्हणजे सत्त्याऐंशी बटणं, प्रत्येकाखाली वेगळा स्विच, वेगळी स्प्रिंग, आणि बोट पडलं की खटाक. मुलगी तलासरीच्या शाळेत शिकवते, म्हणून लग्नानंतर दोघं आमच्याकडेच, सरावलीत राहतात. ती सकाळच्या एसटीने जाऊन पोरांपुढे घसा कोरडा करते आणि हे महाशय माझ्या पंख्याखाली बसून बटणं बडवतात. त्याचा पगार मिळतो म्हणे.

मी डायमेकर. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नी-हातोडीने नक्षी कोरायची, मग सोनार त्यावर पत्रा ठोकून दागिना उठवतात. डहाणूच्या बाजूला घरोघरी हे काम चालायचं. आता बहुतेक मशीनवर गेलं, पण मी अजून पडवीत बसून हातानेच करतो. काम कशाला म्हणतात ते मला कोणी शिकवायला नको.

यंदा बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. रात्री दुखण्याने तिचा डोळा लागत नसे. दुपारच्या गोळीनंतर दोन तास मिळतील तेवढीच तिची झोप, आणि ती मोडू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण भिंतीपलीकडे खटाखट चालू झाली की ती दचकून जागी व्हायची. माझ्या हातोडीचं म्हणाल, तर तिची तिला सवय. तीस वर्षं ऐकत आलीय.

मी जावयाला स्पष्ट सांगितलं, "बंद करा हा बँड. लॅपटॉपला बटणं आहेत की."

"त्यावर बोटं चालत नाहीत, बाबा. मी स्विचेसना वंगण लावतो, आवाज जाईल."

बोटं चालत नाहीत! माझ्या बोटांना घट्टे पडलेत, ती कोणाला विचारून चालत नाहीत. आधी हौसेने वाजणारी वस्तू आणायची आणि मग ती वाजू नये म्हणून खटाटोप करायचा, याला शिकलेली माणसं छंद म्हणतात.

शनिवारी त्याने जमिनीवर पेपर पसरला. चिमट्याने एकेक स्विच उपटायचा, त्याची दोन टरफलं सोडवायची, आतली स्प्रिंग आणि दांडी काढायची, मग नवरीच्या हातावर मेंदी काढावी तसा बारीक ब्रशने चिकट ग्रीसचा हात फिरवायचा. संध्याकाळपर्यंत चाळीस झाले. चाळीस! तेवढ्या वेळात मी कानातल्याची अख्खी डाय उतरवली होती.

रविवारी ती दोघं बोर्डीला मुलीच्या मैत्रिणीकडे गेली. राहिलेले सत्तेचाळीस मी पुढ्यात ओढले. आम्हा डायवाल्यांना तेलाचं काय सांगायचं? इथल्या खाऱ्या हवेत डाय चार दिवस कोरडी राहिली की तांबेरते. म्हणून आमच्या घरात डायचंच तेल कडीला, कुलपाला, शिलाई मशीनला, सगळ्याला. स्विच उघडायच्या भानगडीत मी पडलोच नाही. वरून दांडी दाबायची आणि फटीत तेलाचे दोन थेंब सोडायचे. पंधरा मिनिटांत मोकळा झालो. आल्यावर जावयाला म्हटलं, "जावईबापू, याला काम म्हणतात."

त्याने सगळे स्विच परत बसवले. सोमवारी निम्मी बटणं मुकी झाली आणि काही एका दाबाला तीन-तीन अक्षरं काढू लागली.

"बाबा, तेल पातळ आहे. स्विचच्या आत वीज जोडणाऱ्या पत्र्यापर्यंत उतरलं. तिथे तेल चालत नाही."

"तेलाने कधी काही बिघडतं का?" मी उलट त्यालाच झापलं.

तो भांडला नाही. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. आठवडाभर त्याने त्या न चालणाऱ्या बोटांनी लॅपटॉपवर काम केलं आणि रोज संध्याकाळी माझे सत्तेचाळीस स्विच उघडून स्पिरिटने धुतले, वाळवले, पुन्हा ब्रश घेऊन बसला. मी येता-जाता टोमणे मारत होतो.

पुढच्या सोमवारी कीबोर्ड सुरू झाला. भिजलेल्या तांदळात बोटं फिरवावीत एवढाच आवाज. पण दुपारी बायकोच्या खोलीत डोकावलो, तर ती टक्क जागी. खरं सांगतो, मला आनंद झाला.

"बघ," मी म्हटलं, "एवढी थेरं करून काय उपयोग झाला?"

"त्यांचा आवाज आता येतच नाही," ती म्हणाली. ती माझ्या हाताकडे बघत होती. हातात हातोडी तशीच होती.

"हिची तर तुला सवय आहे."

"सवय कसली, अहो? लग्न झाल्यापासून मी दुपारची कधी झोपलेच नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही काय केलं असतं?"

मी पडवीत आलो आणि हातोडी पेटीत ठेवली. पोलादावरचा ठोका कमी वाजावा म्हणून काय लावतात, ते जावयाला विचारायचं होतं. त्याच्या दारापर्यंत गेलो. तो पाठमोरा काम करत होता, आवाज न करता. मी तसाच परत फिरलो.