सत्त्याऐंशी क्रमांकाची मामी

११ जुलै १९९४ रोजी अभ्यासाच्या यादीत दोनशे चाळीस मुले होती. सहा वर्षांनी यादी मिटली तेव्हा त्यांतली दोनशे सदतीस जिवंत होती.

या मुलांची उंची, वजन आणि रक्ताचे थेंब दर सहा महिन्यांनी घेणाऱ्या बाईला शाळेत सगळे मोजणीबाई म्हणत. शिक्षिका व्हावे अशी तिची इच्छा होती, पण गणिताने दोनदा घात केला. मग परिचारिकेच्या मदतनिसाचा छोटा अभ्यासक्रम, तीन वर्षे दवाखान्यात पट्ट्या बांधणे, आणि नवरा वारल्यावर विद्यापीठाच्या या प्रकल्पात वर्षावर्षाच्या करारावर नोकरी. ज्या गणिताने तिला वर्गाबाहेर ठेवले, त्याच्याच सेवेत ती अखेर लागली.

अभ्यासाचा विषय साधा होता. शाळेमागच्या वस्तीत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवण्याच्या सात भट्ट्या होत्या. त्या धुळीने मुलांच्या रक्तात किती शिसे जाते आणि त्याचा बुद्धीवर, वाढीवर, शाळेतल्या प्रगतीवर काय परिणाम होतो, हे शोधायचे होते. रसायनशास्त्र, वैद्यक, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र असे चार विभाग त्यात होते. शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापिका प्रमुख. त्यांना सगळे मॅडम म्हणत.

मोजणीबाईचे काम पाहण्यासारखे असे. मूल भिंतीला टाच लावून उभे राहिले की ती म्हणे, "मान सरळ, नजर समोर. समोर बघ, माझ्या केसांत काय आहे?" बोट टोचण्याआधी प्रत्येक मुलाचे हात ती साबणाने दोनदा धुई, नखे ब्रशने घासे, पहिला थेंब कापसाने पुसून टाकी आणि दुसरा नळीत घेई. कातडीवरची धूळ थेंबात मिसळली तर आकडा खोटा येतो, म्हणून हा सगळा सोपस्कार. आकडा खरा यावा यासाठी मुलांचे हात वर्षातून दोन दिवस निर्मळ होत. मग मुले मागच्या दाराने पुन्हा त्याच धुळीत खेळायला जात.

अभ्यासात कोणाही मुलाला नाव नव्हते, क्रमांक होता. कोणत्या क्रमांकाचे मूल कोणते, हे एकाच वहीत लिहिलेले होते. तिला किल्लीवही म्हणत, आणि ती मोजणीबाईच्या कपाटात कुलूपबंद असे. रक्ताचे आकडे प्रयोगशाळेच्या खणात, फक्त क्रमांकांसह. वही आणि आकडे कधी एका खोलीत येऊ द्यायचे नाहीत, हा नियम. म्हणजे चाचणी घेणाऱ्याला कोणाच्या रक्तात किती शिसे आहे हे कळणार नाही आणि निकाल निर्मळ राहील. प्रयोगशाळेत काचसामान धुणारा म्हातारा, ज्याला सगळे बाटलीकाका म्हणत, तिला चिडवी, "बाई, किल्ली तुमच्याकडे, कुलूप माझ्याकडे. पण या साहेबलोकांनी आपली गाठ काही पडू दिली नाही!"

"पडली असती तर बाटल्या कोणी धुतल्या असत्या, काका?" ती म्हणे, आणि लखोटा ठेवून निघे.

आकडा पंचेचाळीसच्या वर गेला की रसायनशास्त्रज्ञ त्याभोवती लाल गोल काढी. इथे त्याचे काम संपे. कागद डॉक्टरांकडे जाई. डॉक्टर बैठकीत एकदा म्हणाले होते, "माझ्यासमोर क्रमांक येतो, रोगी येत नाही. रोगी पाठवा, मी औषध देतो." मानसशास्त्रज्ञाने तर आकडा पाहायचाच नव्हता. अशी ही व्यवस्था होती की तिच्यात कोणी खोटे बोलत नव्हते आणि कोणाला काही सांगावेही लागत नव्हते.

सत्त्याऐंशी हा क्रमांक मोजणीबाईच्या भाचीचा होता. नणंदेचे घर तिच्या घराला भिंतीला भिंत लागून. यादीला एक मूल कमी पडत होते, तेव्हा तिनेच नणंदेला गळ घातली होती.

"सुई टोचणार ना, वहिनी?"

"मीच टोचणार आहे. दुसरं कोणी नाही."

"मग काय, कुंपणानंच शेत राखायचं ठरवलंय म्हणायचं," असे म्हणून नणंदेने हसत संमतिपत्रावर सही केली. वहिनी म्हणते, एवढेच तिला पुरेसे होते.

चौथ्या वर्षी नणंदेचा नवरा भट्टीवर लागला आणि नणंद घराच्या ओट्यावर बसून फोडलेल्या बॅटऱ्यांतल्या शिशाच्या पट्ट्या वेगळ्या करू लागली. नगामागे पैसे मिळत. मुलगी शेजारीच अभ्यासाला बसे. पाढे घडाघडा म्हणणारी ही मुलगी सहाव्या वर्षाच्या सुरुवातीला तेराच्या पाढ्यात अडखळू लागली. पोट दुखे. सकाळी उठवत नसे.

"नाटकं आहेत गं, वहिनी. शाळेचं नाव काढलं की हिच्या पोटात मुरडा. माझीच लेक, मला शिकवते!"

"मामी, खरंच दुखतं," मुलगी म्हणाली.

मोजणीबाईला लक्षणे पाठ होती. ती तिच्याच नोंदपत्रिकेवर छापलेली होती. ती मॅडमकडे गेली. भाचीचे नाव तिने घेतले नाही, कारण नाव घेणे नियमाबाहेरचे होते. तिने विचारले, "लाल गोल असलेल्या मुलांच्या घरी कधी सांगायचं?"

मॅडमनी तिला बसवले, चहा मागवला. त्या वाईट बाई नव्हत्या. म्हणाल्या, "आत्ता सांगितलं तर आईबाप मुलांना उचलून कुठंतरी पाठवतील. यादी फुटेल. मग आपण सिद्ध काय करणार? भट्टीवाल्यांचा वकील एका दुपारी आपला अहवाल फाडून टाकेल. एकच फेरी राहिली आहे. ती झाली की सातही भट्ट्या बंद करायला लावू. दोनशे चाळीस नव्हे, पुढची हजारो मुलं वाचतील. तुम्हाला कळतंय ना?"

तिला कळले, आणि पटलेही. हा युक्तिवाद हलका नव्हता. त्यात चूक एवढीच होती की त्यातली हजारो मुले अजून जन्माला यायची होती आणि दोनशे चाळीस समोर बाकावर बसलेली होती.

त्यानंतरच्या चार महिन्यांत तिला एका क्रमांकाचा आकडा पाहून येणे अशक्य नव्हते. तिच्या कपाटापासून बाटलीकाकांच्या खणापर्यंत चाळीस पावले होती. ती गेली नाही. भीती हे त्याचे कारण नव्हते. साडेपाच वर्षांत एकदाही वही आणि आकडे एकत्र आणले नाहीत, याचा तिला अभिमान होता. आयुष्यात पहिल्यांदा शिकलेल्या माणसांनी तिच्यावर विश्वास टाकला होता आणि तो तिने राखला होता. आपल्या घरच्या पोरीसाठी नियम मोडणे तिला चोरीसारखे वाटे. न पाहणे म्हणजेच प्रामाणिकपणा, हे संशोधनाने तिला शिकवले होते आणि ती फार चांगली विद्यार्थिनी होती.

३ मार्च २००० रोजी, शेवटच्या फेरीत, भाचीची स्मरणशक्तीची चाचणी चालू होती. ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने म्हणायचे होते. तिसऱ्या संचाला मुलीचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले आणि ती बाकावरून खाली कोसळली. चाचणी घेणाऱ्या तरुण संशोधिकेने मदतीला हाक मारली, मुलीचे डोके मांडीवर घेतले. रुग्णवाहिका गेल्यावर तिने पत्रिकेवर लिहिले : चाचणी अपूर्ण. दुसरे काय लिहावे यासाठी पत्रिकेवर जागा नव्हती.

मुलगी चौथ्या दिवशी गेली. रुग्णालयातल्या डॉक्टरने रक्ताचा अहवाल हातात धरून विचारले, "हे अचानक होत नाही. दोन महिन्यांपूर्वी आणली असती तर यावर औषध आहे. याआधी कुणी रक्त तपासलं नव्हतं?"

मोजणीबाई तिथेच उभी होती.

दुसऱ्या दिवशी ती चाळीस पावले चालून गेली. बाटलीकाकांनी तिच्याकडे पाहिले आणि खण उघडला. सत्त्याऐंशीच्या पुढे शेवटच्या पाच फेऱ्यांचे आकडे होते : एकतीस, चव्वेचाळीस, अठ्ठावन्न, त्र्याहत्तर, सत्त्याण्णव. शेवटचे तिन्ही लाल गोलात. मग तिने आदल्या वर्षी तापाने गेली असे सांगितलेल्या दोन मुलांचे क्रमांक काढले. तेही गोलात होते. जिवंत मुलांपैकी एकसष्टांच्या आकड्याला लाल गोल होता.

मुलगी गेल्याच्या आठव्या दिवशी नणंद ओट्यावर बसलेली होती. पट्ट्यांचा ढीग तिने दूर लोटला होता.

"तुला माहीत होतं?"

"नव्हतं."

"माहीत करून घेता आलं असतं?"

"हो."

"किती दिवसांत?"

"दिवस नाही. एका मिनिटात."

"माझ्या सहीच्या कागदावर खाली तुझी सही होती," नणंद म्हणाली. "मी तो कागद वाचला नव्हता. तुला वाचलं होतं." त्या दिवसानंतर तिने वहिनी ही हाक मारली नाही. बोलायचे झालेच तर ती "अहो बाई" म्हणे, शाळेतल्या इतर आयांसारखी.

त्याच दुपारी मोजणीबाई किल्लीवही पिशवीत घालून निघाली. आकड्यांचे कागद बाटलीकाकांनी दिले. "तुमची नोकरी जाईल," ते म्हणाले. "माझी नाही. बाटल्या धुवायला दुसरा कोण येतो?"

गल्लीगल्लीने तिने दारे वाजवली. मुलाचे नाव, आकडा, आणि कोणत्या रुग्णालयात जायचे ते सांगे. लोकांनी तिचे स्वागत केले असे नाही.

"सहा वर्षं पोराचं रक्त नेलंत," एक बाप म्हणाला, "आणि आज हिशेब सांगायला आलात? इतके दिवस काय तोंड शिवलं होतं?"

"हो," ती म्हणाली. "त्रेसष्ट आहे. उद्या सकाळीच न्या."

"नाही नेलं तर?"

"माझी भाची मागच्या आठवड्यात गेली. तिचा सत्त्याण्णव होता."

तो बाप दारातून बाजूला झाला आणि त्याने बायकोला हाक मारली. एका घरी मात्र म्हातारीने तिच्या अंगावर झाडू उगारला. एका घरी आईने आकडा वहीच्या कोऱ्या पानावर तीनदा लिहून घेतला, कारण तो खरा वाटत नव्हता. दोन दिवसांत अडतीस घरे झाली. तिसऱ्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापकांनी विद्यापीठाला फोन केला आणि दुपारी दोन कारकुनांनी रस्त्यातच तिच्याकडून वही आणि कागद मागून घेतले. तिने ते दिले. झटापट करण्याचे तिला सुचले नाही. कागद मागितला की द्यायचा, ही सवय सहा वर्षांची होती.

चौकशी चार विभागांनी मिळून केली. गोपनीयतेचा भंग झाला, हे तिने स्वतःच मान्य केले, त्यामुळे बैठक वीस मिनिटांत उरकली. मॅडमनी तिच्या बाजूने दोन वाक्ये बोलल्याची नोंद आहे. करार संपवण्यात आला. शेवटची फेरी दूषित ठरली आणि अहवालातून वगळली गेली. भट्टीवाल्यांच्या वकिलाने न्यायालयात हेच पहिले दाखवले : शास्त्रज्ञांच्याच माणसाने शास्त्र बिघडवले. खटला लांबला, सात भट्ट्यांपैकी दोन बंद झाल्या, पाच शहराच्या दुसऱ्या टोकाला गेल्या, जिथे दुसरी शाळा आहे. अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुलांच्या संख्येखाली एक ओळ आहे : गळती, तीन.

तिने सांगितलेल्या अडतीस मुलांपैकी चौतिसांना आईबापांनी रुग्णालयात नेले. ती सगळी जिवंत आहेत. अभ्यासाचा नाश तिने केला, हे म्हणणे खरे आहे. ही चौतीस मुले तिने वाचवली, हेही खरे आहे. दोन्ही गोष्टी तिने चार महिने आधी केल्या असत्या तर सत्त्याऐंशी क्रमांकासमोर आज गळतीऐवजी वय लिहिलेले असते, हे तिसरे सत्य आहे, आणि ते ती कोणाला विसरू देत नाही. स्वतःलाही नाही.

आता ती एका खाजगी दवाखान्यात केसपेपर लिहिते. सुट्टीच्या दिवशी राहिलेल्या गल्ल्यांत जाते, दारे वाजवते, मुलांचे रक्त तपासून घ्या म्हणून सांगते. लोक विचारतात, "आमच्या पोराचा आकडा किती आहे?" तो तिला ठाऊक नाही. आकड्याशिवाय तिचे बोलणे म्हणजे एका नोकरी गेलेल्या बाईची बडबड ठरते, आणि दार लागते. किल्लीवही विद्यापीठाच्या अभिलेखागारात मोहोरबंद आहे. आकड्यांचे कागद दुसऱ्या इमारतीत आहेत. अर्ज तिने पाच वेळा केला. उत्तरात दर वेळी विषय योग्य विभागाकडे पाठवल्याचे कळवले गेले.

उरलेल्या तेवीस घरांना त्यांच्या मुलांचे आकडे अद्याप सांगितलेले नाहीत.