नळाच्या पाण्यातली डाळ

आंदर मावळातून लग्न होऊन मी लोणावळ्याला आले, तेव्हा दारात नळ आहे याचंच माहेरी कौतुक झालं. माझे मालक रेल्वेत फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे, होते आणि आम्ही चाळीत राहायचो. पण त्या नळाला विहिरीचं जड पाणी यायचं. साबणाला फेस येईना, धुतलेले केस चिकट राहायचे आणि तुरीची डाळ तर कितीही शिजवली तरी टणकच. सासूबाईंना वाटे, मला चूल नीट पेटवता येत नाही.

एकदा आबा, म्हणजे माझे वडील, मला भेटायला डोंगर उतरून चालत आले. त्यांचे बरेच दात पडले होते. सकाळपासून मी डाळीखाली सरपण सारत होते, तरी पानात वाढली ती तशीच.

"माहेरी डाळ करायला शिकवली नाही वाटतं," सासूबाई म्हणाल्या. मला रडूच आलं.

आबांनी डाळ बाजूला सारून वरच्या पाण्यात भाकरी कुस्करली. "हिच्या हातची डाळ लय मऊ व्हती, विहीणबाई. हितलं पानीच वंगाळ हाय."

"मग रोज तुमच्या ओढ्याचं पाणी आणायचं का?"

आबांनी ती भाकरी तशीच संपवली.

निघताना ते एवढंच म्हणाले, "पोरी, पिठलं करीत जा."

त्या चाळीत होतो तोवर मी पिठलंच केलं, आणि सासूबाई शेजारणींना सांगत राहिल्या की सुनेला डाळ येत नाही.